सील सरळच होतं

मालकांच्या मोटारीचं मागून गळणारं तेल मी थांबवलं, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ते गळायला लावलंही मीच, हे मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

साठ सालाच्या आसपास मी यवतमाळात एका कापूस व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होतो. गाडी लढाईच्या आधीची, विलायती, काळी. मालकांपेक्षा मलाच तिचा तोरा जास्त. त्या दसऱ्याला पूजेसाठी ती धुऊनपुसून झाली, तरी माझं मन भरेना. उरलेला काळा रंग घेऊन मी खाली शिरलो आणि दोन्ही चाकं जोडणाऱ्या, आत तेल असलेल्या मागच्या अ‍ॅक्सललाही हात मारून घेतला. तिथं कोण बघणार होतं? पण बरं वाटलं.

पंधरवड्यात उजव्या चाकाच्या आतून तेल येऊ लागलं. ब्रेकवर उतरलं, गाडी थांबेना. मग चाचांकडे नेली. चाचा म्हणजे पन्नाशी उलटलेले मुसलमान मिस्त्री. तेल अडवणारं चामड्याचं कडं, म्हणजे सील, हातानं कापून बसवणारे गावात ते एकटेच. त्यांनी चामडं कापलं, तेलात भिजत घातलं, आणि ते मऊ होईस्तोवर आम्ही दोघं चाक उतरवून, ब्रेक रॉकेलनं धुऊन, निंबाखाली बशीतून चहा पीत बसलो. तसा निवांतपणा मला पुढं फार कमी मिळाला.

"वरचं भोक साफ हाये ना रे?" त्यांनी मधेच विचारलं.

अ‍ॅक्सलच्या डोक्यावर एक बारीक भोक असतं. गाडी पळाली की आत हवा तापून फुगते, ती तिथून निघून जाते. ते बुजलं तर हीच हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते.

"दसऱ्यालेच पुसलं, चाचा," मी म्हणालो. पाहिलं नव्हतंच. गाडीखालची सफाई ड्रायव्हरची. मिस्त्रीनं ती तपासायची म्हणजे ड्रायव्हरचा अपमान, अशी तेव्हाची रीत. चाचांनी माझा मान राखला.

मालकांना ते म्हणाले, "आता एक थेंब पडला तं पान्हे इकून टाकतो, मालक."

"मंग खासान काय?"

"तुमच्याच घरी जेवाले येत जाईन."

आठवड्यात तेल परत आलं. चाचांनी दुसरं सील घातलं. तेही गळलं. मालक दुकानापुढं चार माणसांत म्हणाले, "मिस्त्री, पान्हे कधी इकता?" या खेपेस चाचा हसले नाहीत.

त्यानंतर एका दुपारी पुसदहून आल्या आल्या, अ‍ॅक्सल तापलेलं असतानाच मी खाली शिरलो. भोकावर बोट फिरवलं तर रंगाचा पापुद्रा. तारेनं टोचला. फुस्स करून हवा आली, तेलाचा शिंतोडा गालावर उडाला. त्या दिवसापासून एक थेंब पडला नाही.

"काय केलंस बे?" मालकांनी विचारलं. चाचा शेजारीच उभे होते.

खरं सांगितलं असतं तर फार तर चार शिव्या बसल्या असत्या. मी म्हणालो, "सील उलटं बसलं होतं, मालक. सरळ केलं."

चाचांनी डोळे चोळले. "असंन बाप्पा. नजर पयलेसारखी नाही राह्यली." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पोट्टं तयार झालं, मालक. आता गाडी माह्याकडे कायले आणता?"

मालकांनी आणली नाही. गाडी माझ्याच हाताखाली राहिली आणि पुढची सहा-सात वर्षं मी सुखात काढली, हे खोटं कशाला सांगू? पहाटेचा उमरखेडचा रस्ता, दोन्ही बाजूंनी फुटलेला कापूस, गाडीखाली कोरडी जमीन. लग्नही त्याच नावलौकिकावर जमलं.

चाचा मात्र त्यानंतर कुणाच्याही गाडीचं सील बसवण्याआधी दुसऱ्याला दाखवत. "पाह्य बरं, उलटं तं नाही?" दोनदा मलाच दाखवलं. दोन्ही वेळा मी नीट निरखून "सरळ हाये" म्हणालो. वर्षभरात त्यांनी सीलची कामं सोडली आणि फक्त पंक्चरं काढू लागले.

आता ते उमरखेडला मुलाकडे असतात. ऐंशी उलटलीय, थकलेत, पण ऐकू येतं. मालकही आहेत. दोघांना समोरासमोर बसवून मी इतकं सांगायचं देणं लागतो: चाचांची दोन्ही सीलं सरळच होती, भोक मी बुजवलं होतं.