मी विझवलेला वणवा

लग्नाला चार महिने झाले होते. मी घाटंजीच्या शाळेत भूगोल शिकवायचो. दऱ्याखोऱ्यांबद्दल मला सगळं ठाऊक होतं, फक्त एखादी दरी डोळ्यांनी पाहायची राहिली होती. केळापूरकडच्या जंगलातल्या मोठ्या दरीवर सहल ठरली, तेव्हा सासरी सगळ्यांसमोर मी बायकोला शब्द देऊन बसलो, "तुला सांबर दाखवतो."

थोरले मेहुणे हसले. "जवाईबापू, तुमच्या आवाजानं तं उंदीरबी पळते."

चैत्राचं ऊन होतं. दरीच्या काठावर बैलगाडी सोडली. खाली काळे कातळ तुटून पडलेले आणि पार तळाशी हिरवागार डोह. मेहुणे बैलांपुढे कडबा टाकत होते, बायको रोडग्यांची शिदोरी सोडत होती. पिण्याच्या पाण्याच्या दोन घागरी माझ्या ताब्यात. एवढ्यात समोर धूर दिसला. मोहाच्या झाडाखाली पाचोळा पेटला होता!

वणव्याचा धडा मी वर्गात दोनदा शिकवलेला. "आग! आग!" ओरडत धावलो, दोन्ही घागरी ओतल्या आणि उरलेल्या ठिणग्यांवर असा नाचलो, की नव्या धोतराला भोक पडलं. मग कमरेवर हात ठेवून कौतुकाची वाट पाहत उभा राहिलो.

कौतुक करायला शेजारच्या झाडाखालून एक कोलाम आदिवासी बाई आली, हातात झाडू. "ओ बाबू, काहून इझवली? म्याच लावली व्हती ना! आता फुलं काय चिखलातून येचू?"

मोहाची फुलं पहाटे गळतात. ती साफ जमिनीवर पडावीत म्हणून आधी खालचा पाचोळा जाळतात आणि आग पसरू नये म्हणून भोवतीची जागा झाडून घेतात. हे भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं.

"वा मास्तर!" मेहुणे म्हणाले. "आता रोडगे कायच्यासंगं गिळाचे? धुरासंगं?"

मी माफी मागितली. बाईला शेवटी हसू आलं. तिनं डोहाची वाट दाखवली. "गुपचूप उतरजा. तिथं जनावर पाण्यावर येते."

बायकोनं एक घागर उचलली. "मी येते. तुमच्या एकट्याच्या भरवशावर पाणी नाही सोडत आता."

दुसरी घागर घेऊन निम्म्या वाटेपर्यंत मी मांजरासारखा उतरलो. मग पाय घसरला. पितळी घागर ठणठणत पुढे, मी मागे, आणि थेट करवंदीच्या जाळीत तोंड खुपसून थांबलो. बाहेर आलो तर बायको डोहाकडे बघत, तोंडावर हात धरून उभी.

"सांबर! दोन!"

"कुठे?"

"गेले. तुम्हाले पाहून."

पाणी घेऊन वर आलो. मेहुण्यांनी विचारलंच, "मंग? दिसलं का सांबर?"

"दिसलं ना," बायको म्हणाली. "यांनीच दाखवलं."

मेहुण्यांचा चेहरा पाहून मला चेव आला. दोन्ही हात पसरून म्हणालो, "एवढाली शिंगं!"

"अहो," बायको हळूच म्हणाली, "माद्या होत्या दोघी."