बाबा म्हणजे फादर

"इज धिस अ गॉड?"

मेनेर माझ्या खोलीच्या दारात उभे. मेनेर म्हणजे डच भाषेत साहेब. हे आमच्या वसतिगृहाचे प्रमुख. तोंडावर मास्क, हातात लाकडी पट्टी. दीड मीटरची. दोन माणसांत किती अंतर हवं ते मोजायला त्यांनी ती करवून घेतली होती आणि ती घेऊनच ते फिरायचे. तिचं टोक त्यांनी माझ्या भिंतीवरच्या फोटोला लावलं. काचेवर टक् असा आवाज झाला.

त्या फोटोला घरी आम्ही हात धुतल्याशिवाय हात लावत नाही.

आणि मी कसा होतो? वर पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट. खाली हाफपँट. तिच्यावर पिवळी बदकं. चौदा एप्रिल होती. नागपूरला घरचे सगळे पांढरे कपडे घालून व्हिडिओ कॉलवर बसलेले, आणि व्हिडिओत माणूस कमरेपर्यंतच असतो हे त्या दिवसांत सगळ्या जगाला कळलं होतं. मी फोटोला हार घातला, वंदना म्हटली, मेणबत्ती लावली, आईने सामानात दिलेल्या अगरबत्त्या पेटवल्या. एक नाही, पाच. छताला धूर ओळखणारं यंत्र आहे हे ते बोंबलायला लागल्यावर मला कळलं. आख्खा मजला जिने उतरून अंगणात, दीड-दीड मीटरवर, कुडकुडत उभा राहिला. लॉकडाऊनमध्ये एवढ्या गर्दीची जयंती नेदरलँड्समध्ये दुसऱ्या कोणी केली नसेल.

मग सगळे वर गेले आणि मेनेर माझ्या दारात आले.

फोन पलंगावर उताणा पडला होता. आईला तिकडे फक्त छत दिसत असणार, पण काचेवरचा टक् ऐकू गेला असणार. ती ओरडली, "कोन आलं रे? बाबाच्या फोटोले काय करून राहिला तो?"

मेनेरनी तेवढा एक शब्द उचलला. "बाबा," ते म्हणाले. "व्हॉट इज बाबा?"

प्रवेश घेताना अकरा पानी नियमपत्रावर मी सही केली होती. न वाचता. फोनवर एखादं ॲप उतरवताना आपण 'मान्य आहे' दाबतो, तशी. नंतर इतरांकडून एकेक नियम कानावर येत गेला. रविवारी कपडे धुवायचे नाहीत. रविवारी काही विकत घ्यायचं नाही. सकाळी साडेआठला पडद्यावर प्रार्थना, कॅमेरा चालू ठेवून. खोलीत पूजेची वस्तू किंवा प्रतिमा नाही. नियम मोडला तर खोली गेली, आणि खोलीबरोबर शिष्यवृत्ती, आणि शिष्यवृत्तीबरोबर इथे राहायचा परवाना, असं मुलं म्हणायची. मी तिथे आलो तेही माझ्याच अकलेने. नागपुरात मिशनची शाळा म्हणजे चांगलं इंग्रजी आणि वेळेवर तास. मला वाटलं, ख्रिस्ती युनिव्हर्सिटी म्हणजे मोठ्या माणसांचं कॉन्व्हेंट.

"फादर," मी म्हणालो.

मी खोटं बोललो नाही. मी भाषांतर केलं.

आमच्या घरात वडिलांना दादा म्हणतात. बाबा एकच. कोट, टाय, जाड चष्मा, हातात पुस्तक. महाराष्ट्रातलं शेंबडं पोरही ओळखेल. ज्यांनी आम्हाला पाण्यापर्यंत नेलं, शाळेपर्यंत नेलं, आणि कोणत्याही देवापुढे वाकू नका म्हणून सांगितलं, ते. म्हणजे मेनेरच्या प्रश्नाचं खरं उत्तर सोपं होतं. 'नाही. हा देव नाही.' तेवढंच. पण भ्यालेल्या माणसाला खरं उत्तर सुचत नाही.

मेनेरनी हाराकडे पाहिलं, मेणबत्तीकडे पाहिलं. पट्टी खाली आली. "आय ॲम सॉरी फॉर युवर लॉस." आवाज खरोखर मऊ झाला होता. मग ते म्हणाले की दुःख ते समजू शकतात, पण हार, मेणबत्ती, नमस्कार, हे मेलेल्या माणसापुढेही चालत नाही. "पुट हिम अवे."

मी बदकांच्या हाफपँटीत खुर्चीवर चढलो. ते बघत होते. मी फोटो उतरवला आणि सुटकेसमध्ये, थंडीच्या दोन कोटांच्या मध्ये ठेवला. चेन लावली.

"काय झालं रे?" आई विचारत होती.

"काही नाही आई. रेंज गेली होती."

आता हा फोटो कोणता, ते सांगतो. दादा वीज मंडळात लाइनमन. बदल्यांची नोकरी. मी पाच वर्षांचा होईपर्यंत आम्ही तीन गावांतून तीन खोल्या सोडल्या. तिन्ही वेळा गोष्ट एकच. घरमालक चहा प्यायला आत यायचा, भिंतीकडे बघायचा आणि म्हणायचा, "फोटो उतरवा, मग राहा." दादा भांडायचे नाहीत. ट्रंक सायकलला बांधायचे. शेवटच्या वेळचं मला आठवतं. मी कॅरिअरवर, मांडीवर चादरीत गुंडाळलेला फोटो. दादा मागे वळून म्हणाले होते, "काच फुटू देऊ नको, बेटा."

तोच हा फोटो. त्यांनी विमानतळावर माझ्या हातात दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पडद्यावर चाळीस चौकोन. मेनेर म्हणाले की आपल्यातल्या एका भावाचं पितृछत्र हरपलं आहे. त्यांच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. मागे राहिलेल्यांसाठी करतात. मागे राहिलेला म्हणजे मी. पोरक्या झालेल्या या मुलाला स्वर्गातला पिता सापडू दे, असं ते म्हणाले, आणि चाळीस माना खाली गेल्या. मीही घातली. चेहरा दुःखी ठेवला. कॅमेरा चालू होता ना.

तेवढ्यात खाली संदेश चमकला. फक्त मला. सौमित्रचा. सौमित्र पुण्याचा, माझ्याच मजल्यावरचा, आमच्यात मराठी बोलणारा तेवढा एकच.

"अरेरे. कधी गेले बाबा? सहा डिसेंबरला का?"

पुढे हसणारा चेहरा.

मला वाटलं आता हा सांगणार. दिवसभर मी कॉरिडॉरमधल्या पट्टीचा आवाज ऐकत बसलो. टक्. टक्. संध्याकाळी स्वयंपाकघरात तोच भेटला. भात लावत होता.

"घाबरू नको रे, मी कशाला सांगतोय," तो म्हणाला. "पण इथे कशाला आणायचं तुमचं ते? माझा गणपती बघ, मोज्यात आहे. कोणाला पत्ता तरी आहे का?"

तुमचं ते.

मी म्हणालो, "बरोबर आहे तुझं." असं म्हणालो. वर त्याला लोणचं दिलं. माझ्याकडचं शेवटचं.

त्याच आठवड्यात दादांना ताप आला. नागपूर तेव्हा जळत होतं. खाट मिळेना, सिलेंडर मिळेना. मामाने कुठून तरी एका दवाखान्यात खाट मिळवली. आईला आत सोडेनात. दादांजवळ फोन होता, पण बोलायचं तर मास्क काढावा लागे.

आणि मी इथे कोणाला काय सांगणार? माझे वडील तर वारले होते. सगळ्यांनी त्यांच्यासाठी माना खाली घातल्या होत्या. प्राध्यापकांनी दोन ओळींचं पत्र पाठवलं होतं. वरच्या मजल्यावरच्या मुलीने दारात केक ठेवला होता. तो मी खाल्ला. जिवंत बापाच्या मौतीचा केक. चांगला होता, तेही सांगतो.

देव मानत नाही, शकुन मानत नाही, तरी त्या दिवसांत मला एकच भीती. आपण तोंडाने बापाला मारलं. आता तो तसाच वागतोय.

एका दुपारी दादांचा फोन आला. आधी नुसता श्वास. मग मास्क बाजूला केल्याचा आवाज.

"जयभीम, बेटा."

"जयभीम, दादा." मी दाराकडे बघत, हळू बोललो. तेवढंसुद्धा हळू.

"फोटो लावला ना रे तिथं?"

माझी सुटकेस पलंगाखाली होती. पायाला लागत होती.

"हो दादा. लावलाय."

"खोलीवाला काही बोलला?"

"नाही दादा. चांगले आहेत इथले लोक."

"मग झालं," ते म्हणाले. परत श्वास. फोन बंद.

आमच्या तीन खोल्या गेल्या पण फोटो भिंतीवरून कोणाच्या सांगण्याने उतरला नव्हता. मी पहिला. आणि तोही इंग्रजीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. मेनेरनी माझं नाव घेतलं. भारतावर संकट आहे, आणि आपला हा भाऊ आधीच पितृहीन आहे, वगैरे. मी बोलायला लागलो. सगळं बोललो. माझे वडील जिवंत आहेत, दवाखान्यात आहेत, तो फोटो त्यांचा नाही, मी भिऊन बोललो, सगळं. एक मिनिटभर. जीव ओतून. बोलून झालं आणि चाळीस चेहरे माझ्याकडे नुसते बघत होते. मग मेनेर म्हणाले, "यू आर ऑन म्यूट."

आयुष्यातलं माझं पहिलं धाडस. आवाज बंद.

तो क्षण सांगतो. मला सुटका दिसली. 'सॉरी, थँक यू' म्हणून गप्प बसता आलं असतं. कोणी काही ऐकलं नव्हतं. बोट त्या बटणावर होतं. पायाला सुटकेस लागली.

बटण दाबलं.

"माय फादर इज अलाइव्ह," मी म्हणालो. "ही इज इन हॉस्पिटल. फोटोतला माणूस माझा बाप नाही. माझा देव नाही. त्याच्यामुळे मी इथे तुमच्यासमोर बसलोय. फोटो मी आज परत लावणार." आवाज बकरीसारखा कापत होता. शेवटी "जयभीम" म्हणालो. पहिल्यांदा त्या इमारतीत मोठ्याने.

सौमित्रचा चौकोन काळा झाला. मेनेर म्हणाले, "वुई शॅल स्पीक."

मी सुटकेस ओढली. चिकटपट्टीवर लावला होता पूर्वी फोटो, भिंतीला भोक पाडायचं नाही म्हणून. या वेळी सायकलच्या हत्यारांच्या डब्यातले खिळे घेतले आणि बुटाच्या टाचेने ठोकले. पहिला वाकला. दुसऱ्याचा घाव अंगठ्यावर बसला. तिसरा भिंतीत गेला, तिरपा. फोटो टांगला, मोबाइलवर त्याचं चित्र काढलं आणि दादांना पाठवलं. खाली लिहिलं, "आत्ता लावला. आधी खोटं बोललो होतो."

दोन खुणा आल्या. म्हणजे फोनपर्यंत पोचलं.

कॉरिडॉरमध्ये टक् टक् वाजलं. मी दार उघडलं. फुल पँट घालून. मेनेरनी भिंत पाहिली, खिळा पाहिला. एक कागद पुढे केला. प्रतिमा काढावी किंवा महिनाअखेर खोली सोडावी. मी विचारलं, सही कुठे करू. ते म्हणाले, "आधी वाच." मी वाचला. मग रात्री ती अकरा पानंही वाचली, पहिल्यांदा. शिष्यवृत्तीचा त्यात कुठे उल्लेख नव्हता. परवान्याचा नव्हता. फक्त खोली. ज्या भीतीने मी बाबांना सुटकेसमध्ये कोंबलं, ती फक्त एका खोलीची होती. दादांनी अशा तीन सोडल्या, पगार हातात यायच्या आधी.

चौथ्या दिवशी दादा गेले. विमानं बंद होती. मी त्यांना फोनच्या पडद्यावर पाहिलं, प्लास्टिकमध्ये, लांबून, मामाच्या हलत्या हातातून. दुसऱ्या दिवशी साडेआठला मी पडद्यावर गेलो नाही. तिथे माझ्यासाठी कोणाची मान खाली गेली का, मला माहीत नाही. माझ्या बापासाठीची प्रार्थना मी आधीच वापरून टाकली होती.

दादांचा फोन आईकडे आहे. लॉक आहे, त्याचा नंबर कोणाला ठाऊक नाही. माझ्याकडे त्या दोन खुणा अजून राखाडीच आहेत. निळ्या झाल्या नाहीत. त्यांनी पाहिलं की नाही, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. याची माफी मी कोणाकडे मागत नाही. मागायची जागाच उरलेली नाही.

महिनाअखेरी मी निघालो. वर्ग तसेही पडद्यावरच होते. अ‍ॅमस्टरडॅमला खोल्या बघत फिरलो. आत शिरल्याबरोबर पहिला प्रश्न मी विचारायचो, "भिंतीत खिळे ठोकता येतील का? दोन." कशाला, असं विचारलं की पिशवीतून फोटो काढून दाखवायचो. दोघांनी नको म्हटलं. मी बूट घातले आणि निघालो. आता शहराच्या झुइडओस्ट भागात नवव्या मजल्यावर राहतो. खाली मेट्रो गेली की दोन्ही काचा थरथरतात.

दोन्ही, कारण आता दादाही तिथे आहेत. लाइनमनच्या खाकी शर्टात.

घरी कोणी आलं की विचारतं, हे कोण. मी म्हणतो, हे माझे वडील. मग दुसऱ्याकडे बोट जातं. मी भाषांतर करत नाही. पूर्ण नाव सांगतो, आम्ही कोण ते सांगतो, आम्हाला कुठे पाणी मिळत नव्हतं ते सांगतो. भारतीय माणूस असेल तर आधी त्याला सांगतो. त्याने विचारलं नाही तरी.

भीती गेलेली नाही. पहिल्यांदा सांगताना आवाज कापतोच. म्हणून मी दोनदा सांगतो.