सेंबावांगच्या बाकावर आईशेजारी कोण होतं?

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, पण खरं सांगायचं तर निव्वळ करमणूक म्हणून. चार माणसं जमली आणि भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. लग्नाआधी पुण्यात आणि नंतर इथे सिंगापुरात मिळून पंधरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंय. चूक दिसली की ती पुन्हा घडवून दाखवायची, नाही घडली तर ती चूकच नाही – अशी सवय. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही टॅम्पिनीसला राहतो. मी, नवरा मिलिंद आणि मुलगी रेवा. मिलिंदचं ऑफिस चांगी बिझनेस पार्कला, रेवा तेव्हा सेकंडरी थ्रीमध्ये, म्हणजे आपल्याकडची नववी. मी नोकरीतून ब्रेक घेतला होता. माझी आई साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आली होती. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, बाकी ठणठणीत. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. तिला मरिना बे, मोठमोठे मॉल यात काडीचा रस नव्हता. MRT, म्हणजे इथली मेट्रो, तर अजिबात नको. "बिळात शिरायचं आणि दुसऱ्या बिळातून डोकं काढायचं, मधलं गाव कुठे दिसतं?" म्हणायची.

मग आम्ही एक खेळच सुरू केला. रेवा शाळेत गेली की बस इंटरचेंजला जायचं, एखादी लांब पल्ल्याची डबल डेकर पकडायची, आणि वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढच्या सीटवर बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं. तिथे जेवायचं आणि परत. बेडोक, पुंगोल, तोआ पायो, बुकित तिमाहचे कॉन्डो... आई सगळं बघायची आणि मला शिकवल्यासारखं सांगायची. "इथे बिल्डिंगला नंबर आहेत, नाव एकीलाही नाही बघ." आमच्या ब्लॉकमधल्या लोकांनी जन्मात पाहिले नसतील असे भाग ती दीड महिन्यात बघून आली.

एकच काळजी असायची – जिना. डबल डेकरचा जिना अरुंद आणि वळणाचा. वर चढताना मी मागे, उतरताना मी एक पायरी पुढे, आणि तिचे दोन्ही हात माझ्या खांद्यावर. एकटीने ती तो जिना कधीच उतरली नाही. उतरूच शकत नव्हती. हे लक्षात ठेवा.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या आठवड्यात माझा बायॉप्सीचा रिपोर्ट आला होता. छातीत गाठ लागली म्हणून मी एकटीच जाऊन तपासून घेतलं होतं. मंगळवारी डॉक्टरांनी समोर बसवून शांतपणे सांगितलं – कॅन्सर आहे, लवकर ऑपरेशन करावं लागेल. मी खाली येऊन कॉफी घेतली आणि घरी येऊन भेंडी चिरली. कुणालाच सांगितलं नाही. मिलिंदलाही नाही. आईचं परतीचं विमान रविवारचं होतं. ती एकदा हसत्या तोंडाने गेली की मग मिलिंदला सांगू, असं ठरवलं होतं. गुरुवारी आईला म्हटलं, "चल, एक शेवटची फेरी मारू. वुडलँड्स." ते अगदी उत्तरेला आहे, पलीकडे मलेशिया.

बारा वाजून गेले होते. बस जवळजवळ रिकामी. वर आम्ही दोघीच, आणि मागे एक कॉलेजची मुलगी कानात इअरफोन घालून. आईचं बसचं कार्ड माझ्याकडेच असायचं, चढताना मी दोघींचं टॅप केलं; इथे उतरतानाही करावं लागतं. तिच्या मोबाईलचं चार्जिंग संपलं होतं म्हणून तोही माझ्याच पर्समध्ये, पॉवर बँकेला लावलेला. मी निळा कुर्ता घातला होता. हे सगळं मी नंतर इतक्या वेळा उगाळलंय की झोपेतही सांगेन.

बस एक्सप्रेसवेला लागली. दोन रात्री मी झोपले नव्हते. यिशूनचे ब्लॉक दिसायला लागले तिथपर्यंतचं मला आठवतं. आई म्हणाली, "ते बघ, वाळत घातलेले कपडे बांबूवर, झेंडे लावल्यासारखे." मी हुं म्हटलं... आणि माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा बस थांबलेली होती. इंजिन बंद. वुडलँड्स इंटरचेंज.

शेजारची सीट रिकामी.

पहिले काही क्षण मला काही वाटलंच नाही. मागे असेल, असं. वळून पाहिलं तर पूर्ण वरचा मजला रिकामा. धावत खाली आले. खालीही कुणी नाही. ड्रायव्हर आपली पाण्याची बाटली घेऊन उतरत होता. मी त्याला अडवलंच. "माझी आई! म्हातारी बाई, साडी, पांढरे केस..."

तो मलेशियन चिनी असावा, चाळिशीचा. त्याला लगेच आठवलं.

"आंटी विथ साडी? शी अलाइट ऑलरेडी. सेंबावांग."

"एकटी?"

"नो लाह. विथ हर डॉटर."

मी म्हटलं, "मी तिची डॉटर आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाला, की आंटीचे पाय दुखत होते, जिन्यावरून हळूहळू येत होत्या, एक बाई पुढे होती आणि आंटीचे हात तिच्या खांद्यावर होते. म्हणून मी बस थांबवून ठेवली. चेहरा? नाही, चेहरा नाही पाहिला, आरशात पाठच दिसली.

कुणीतरी माझ्या आईला हाताला धरून घेऊन गेलं होतं. आणि ते कसं धरायचं हे त्या बाईला माहीत होतं.

काउंटरवरच्या लोकांनी मला खुर्ची दिली, वर्णन लिहून घेतलं, फोन केले. मी मिलिंदला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, एखादीने मदत केली असेल, आई चुकून उतरल्या असतील, मी निघतोच." मी हो हो म्हणत होते आणि डोळ्यासमोर काय काय येत होतं ते लिहवत नाही. तिला इंग्लिश जेमतेम. फोन माझ्याकडे, कार्ड माझ्याकडे. या देशात मी चौदा वर्षं राहते, पोरंटोरं एकटी फिरतात, इथे काही होत नाही असं मीच सगळ्यांना सांगते. पण मग ती बाई कोण?

जवळजवळ पाऊण तासाने एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज, वयस्कर.

"हॅलो? युवर मदर वेटिंग फॉर यू लाह. यू गो टॉयलेट सो लाँग!"

मला काही अर्थच लागेना. मागून आईचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा – "विचारा हो तिला, बरं आहे ना पोट?" आईच्या बटव्यात माझ्या नंबरची चिठ्ठी असायची, ती तिने त्या बाईला दाखवली होती. मी फक्त कुठे आहात एवढं विचारलं. सेंबावांग पार्कच्या बाहेरचा बस स्टॉप. समुद्राच्या कडेला आहे तो, बस जिथे त्यांना सोडून गेली तिथून आणखी एक बस बदलून जावं लागतं. मी त्या बाजूला आयुष्यात कधी गेले नव्हते.

टॅक्सीत मी देवाचं नाव घेतलं. अनेक वर्षांनी.

आई स्टॉपच्या बाकावर बसली होती. शेजारी एक चिनी आजी, हातात भाजीची पिशवी. मला बघून आई उठायला लागली. मी धावत जाऊन तिला मिठी मारली आणि मोठमोठ्याने रडायला लागले. आईने नुसती पाठ थोपटली. "पुरे आता. मघाशी एवढी रडलीस ना? पुरे."

मी बाजूला झाले. ती चिनी आजी माझ्याकडे खालीवर बघत होती.

"एह," ती म्हणाली, "जस्ट नाऊ यू वेअर यलो वन, राइट? चेंज ऑलरेडी?"

दुपारचे साडेतीन. लख्ख ऊन, समोर समुद्र, मुलं सायकली चालवत होती. आणि मी खाली माझ्या निळ्या कुर्त्याकडे बघत राहिले.

मी त्या आजीला विचारलं, तुम्ही मला आधी पाहिलंत? हो तर, ती म्हणाली. तू आणि तुझी आई त्या बाकावर बसला होतात. तिने पार्कमधल्या एका बाकाकडे बोट दाखवलं. तुझं डोकं आईच्या मांडीवर होतं. मी दोनदा तिथून गेले. मग तू आईला इथे आणून बसवलंस, टॉयलेटला गेलीस. आजीची बस आली. ती हात हलवून गेली, आणि मी तिचं नावही विचारलं नाही. नंबर होता फोनमध्ये, पण नंतर कधी तो फिरवायचा धीर झाला नाही. काय विचारणार होते?

आईला मी तिथेच विचारलं, "आई, तू बसमधून कशी उतरलीस?"

"कशी म्हणजे? तूच उठवलंस. म्हणालीस, इथे उतरू, समुद्र दाखवते. मग दुसरी बस घेतली."

"मी कोणते कपडे घातले होते?"

"आता कपड्यांकडे कुठे बघत बसू? तुझ्या तोंडाकडे बघत होते मी." मग तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला. तिचा आवाज खाली आला. "वैशू, मी नाही जायची रविवारी. तू म्हणालीस तसंच करू. ऑपरेशन होऊ दे, पुढचं सगळं होऊ दे, मग बघू."

मी तिच्या शेजारी बाकावर टेकले.

मंगळवारपासून ते शब्द मी तोंडातून काढले नव्हते. मिलिंदला माहीत नव्हतं. रिपोर्ट हॉस्पिटलच्या ॲपमध्ये, आणि आईला माझ्या फोनचा पासवर्डही येत नाही. आणि ती मला सांगत होती की गाठ कोणत्या बाजूला आहे. डावीकडे.

मिलिंद पोचला तेव्हा आम्ही दोघी तिथेच बसलो होतो. त्याला बिचाऱ्याला एकाच बाकावर दोन गोष्टी ऐकाव्या लागल्या. पहिलीने, माझ्या आजाराच्या बातमीने, तो इतका हादरला की दुसरीकडे त्याने लक्षच दिलं नाही. आजही तो म्हणतो, तू झोपेत चालली असशील. झोपेत बोलली असशील. बरं, समजा. पण मग ड्रायव्हरने मला वुडलँड्सला त्याच बसमध्ये पाहिलं, ते? माझ्या कार्डावर त्या दिवशी टॅम्पिनीस ते वुडलँड्स एवढा एकच प्रवास आहे, दुसऱ्या बसचं काहीच नाही. आईच्या कार्डावर फक्त चढल्याची नोंद, उतरल्याची नाही. पिवळा कुर्ता माझ्याकडे नाही. पिवळा मला शोभत नाही म्हणून मी कधी घेतच नाही.

तुमच्या मनात येणार ते माझ्याही मनात आलं, की वय झालंय, आईलाच भास झाला असेल. मी तिला मेमरी टेस्टला नेलं. डॉक्टरांनी तिला आजची तारीख विचारली, तर तिने तारीख, वार सांगून वर त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर एक महिना मागे आहे हेही दाखवलं. सगळं नॉर्मल.

आई थांबली. व्हिजिट पास वाढवून घेतला, मग पुन्हा आली. ऑपरेशन झालं, केमो झाली. माझे केस गेले तेव्हा ती रोज सकाळी माझ्या डोक्याला खोबरेल तेल लावायची, जणू केस आहेतच. रेवा म्हणायची, "आजी, देअर्स नथिंग देअर लाह," आणि आई म्हणायची, "येतील. जमीन तयार ठेवावी लागते." आले. आता दोन वर्षं होऊन गेली, रिपोर्ट चांगले आहेत. ती नसती तर मी त्या दिवसांतून कशी बाहेर आले असते ते मला माहीत नाही. आणि मी माझ्या तोंडाने तिला कधीच थांब म्हटलं नसतं, हे मात्र पक्कं माहीत आहे. त्यामुळे त्या बाईला – जी कोण होती तिला – मी वाईट तरी कशी म्हणू?

पण भीती गेलेली नाही. अजून बसमध्ये मी डोळे मिटत नाही.

हे आत्ता लिहायला बसण्याचं कारण म्हणजे मागच्या महिन्यातल्या एका रविवारचा फोन. आई आता साताऱ्यातच असते. बोलता बोलता मी सहज विचारलं, "आई, त्या दिवशी बाकावर मी आणखी काय काय बोलले गं?"

तिने आधी टीव्हीचा आवाज बंद केला.

"आणखी एक गोष्ट सांगितलीस," ती म्हणाली.

"काय?"

"ते नाही सांगायचं. शपथ घातलीयस तू मला."

"अगं, मीच विचारतेय ना आई!"

"हो. तू हेच म्हणाली होतीस," आई म्हणाली. "की मी स्वतः येऊन विचारलं, तरी मला सांगू नकोस."

मी खूप विनवलं, चिडले, रडले. ती सांगत नाही. आणि खरं सांगू – दर रविवारी फोन लावताना मलाच कळत नाही, तिने सांगावं असं मला वाटतंय, की सांगू नये असं.