वरच्या मजल्यावरचा शत्रू मागून ऐकू येतो

“मला एका शब्दात सांग. आवाज चांगला आहे की वाईट?” केदार सरांनी विचारलं.

“दोन्ही,” मी म्हणाले.

“हा एक शब्द आहे खरा, पण हे उत्तर नाही.”

त्यांचं बरोबर होतं. पण माझ्यासमोर दोन्ही प्रकारचे अभिप्राय होते.

आमचा ‘घेरा’ हा गेम बाजारात येऊन सहा दिवस झाले होते. मी तो बनवणाऱ्या कंपनीत टेस्टर आहे. कंपनी पुण्यात, मी भोरमध्ये. आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला जाते, बाकी दिवस घरून काम. टेस्टर म्हणजे दिवसभर खेळायचा पगार घेणारी बाई, असं आमच्या गल्लीत समजतात. प्रत्यक्षात गेममधलं एकच दार शंभर वेळा उघडायचं आणि एकशेएकाव्या वेळी ते अडकतं का ते पाहायचं, असं ते काम आहे.

‘घेरा’ हा टॅक्टिकल शूटर आहे. म्हणजे पाच विरुद्ध पाच. एक गट इमारत धरून बसतो, दुसरा आत शिरतो. दोन गोळ्या लागल्या की तुम्ही बाद, मग तो डाव संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. त्यामुळे धावत सुटून गोळ्या झाडण्यात अर्थ नसतो. थांबायचं, ऐकायचं. वरच्या मजल्यावर कुणाची पावलं वाजली, तो जिन्याकडे गेला की खिडकीकडे, हे कानानं ओळखायचं. नेम जितका महत्त्वाचा तितकाच कान.

म्हणून आम्ही आवाजावर सगळ्यात जास्त कष्ट घेतले होते. आम्ही म्हणजे निखिलनं. निखिल आमचा साउंड डिझायनर. साध्या हेडफोनमध्येही आवाज वरून, खालून, मागून आल्यासारखा वाटावा, अशी सिस्टीम त्यानं दोन वर्षं खपून बसवली होती. ती मी तपासली होती आणि पास केली होती. पास केल्याच्या फॉर्मवर माझंच नाव होतं.

आता खेळणारे लिहीत होते. एकानं लिहिलं, ‘या गेमचा आवाज इतका नेमका आहे की डोळे मिटून खेळता येईल.’ त्याच्याच खाली दुसरा म्हणत होता, ‘शत्रू डोक्यावर असतो आणि पावलं पाठीमागे वाजतात. हा गेम बनवणारे बहिरे आहेत.’ मला वाटलं, महागड्या आणि स्वस्त हेडफोनचा फरक असेल. दोन्ही बाजूंच्या लोकांना विचारलं, तर एकाच मॉडेलचा हेडफोन वापरणारे दोन्हीकडे निघाले.

इतर तक्रारी सरळ होत्या. मॅच जुळायला वेळ लागतो, बॉट म्हणजे कॉम्प्युटरनं चालवलेले गडी मठ्ठ आहेत, वगैरे. त्या खऱ्या होत्या आणि दुरुस्त होण्यासारख्या होत्या. आवाजाचं काय करायचं ते कुणालाच कळेना.

केदार सर आमचे प्रॉडक्ट हेड. ते म्हणाले, “सोमवारी ठरवू. तोपर्यंत कारण सापडलं नाही तर नवी सिस्टीम काढायची आणि मागच्या गेममधला साधा आवाज बसवायचा. तो कुणाला आवडणार नाही, पण शिव्याही कुणी देणार नाही.”

कॉलवर निखिलही होता. तो एवढंच म्हणाला, “मग माझं इथे काय काम?” आणि निघून गेला.

त्या दुपारी मी घरी गेम लावला. ऑफिसमध्ये स्वच्छ ऐकू येणारा आवाज घरी चुकत होता. गडी वर चालत होता आणि मला तो पाठीमागे वाटत होता. गेम तोच. हेडफोनही तोच, कंपनीनं दिलेला. मी तो बॅगेत घालून ने-आण करत असे. निखिलला फोन केला.

“कालपर्यंत तुला नीट ऐकू येत होतं,” तो म्हणाला. “सरांनी सोमवारचं सांगितलं आणि लगेच बिघडलं?”

“मी खोटं बोलतेय असं म्हणायचंय का तुला?”

“मला काहीच म्हणायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले. आवाज व्यवस्थित. घरी आले. आवाज चुकीचा. मला माझ्याच कानांची शंका यायला लागली. भोरमधल्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बॅटरी मारून दोन्ही कान पाहिले, पाठीमागे उभं राहून चुटक्या वाजवल्या आणि म्हणाले, “कान उत्तम आहेत. त्रास नेमका कधी होतो?”

“फक्त भोरमध्ये,” मी म्हणाले. त्यांनी चिठ्ठीवर काहीच लिहिलं नाही.

शुक्रवारी मी सगळे अभिप्राय परत वाचायला घेतले. त्यात एक मराठीत होता. दोन रकाने केलेले, जमेच्या बाजू आणि उणिवा. बंदुकीचा धक्का खऱ्यासारखा. मजल्याचा आवाज अगदी बरोबर. धूर खोटा, कारण चित्राचा दर्जा कमी ठेवला की धुरापलीकडचा माणूस दिसतो. बॉट दाराच्या चौकटीत उभे राहतात, असा जवान पहिल्याच दिवशी गेला असता. आमच्या टीममध्ये इतकं नेटकं कुणी लिहीत नाही. खाली नाव होतं, खाटपे, सैन्यातले निवृत्त हवालदार, मु. पो. पाली, ता. वेल्हे.

राजगडाच्या पायथ्याचं पाली. भोरहून स्कूटरवर दीड-दोन तास. मी त्यांना मेसेज करून विचारलं आणि शनिवारी सकाळी लॅपटॉप, हेडफोन घेऊन निघाले. तिथे जाऊन काय मिळणार होतं ते मला सांगता आलं नसतं. घरी बसून काही मिळत नव्हतं, एवढंच.

मार्गासनी सोडल्यावर रस्ता अरुंद झाला. पालीत गडावर निघालेल्या पोरांच्या गाड्या उभ्या होत्या. खाटपेकाकांचं घर जरा आत होतं. काका साठीच्या आतले, ताठ. बाहेरच्या खोलीत भाताच्या पोत्यांशेजारी टेबल आणि त्यावर जुना कॉम्प्युटर. काकूंनी पाणी दिलं आणि विचारलं, “तुमी ह्या गेमच्या हापिसातनं आलाय व्हय? मग तेवढं बंद करा की. सकाळी जनावरांचं झालं की जे बसत्यात ते कुणाकुणाला वरडत असत्यात. कवर घे, कवर घे.”

“आमच्या टीममधली पोरं कवर घेत न्हाईत,” काका शांतपणे म्हणाले.

मी आवाजाचं विचारलं.

“आवाज एक नंबर हाय. पर माझ्यावर जाऊ नका, ताई. म्या डाव्या कानानं कमी ऐकतो. फायरिंगनं गेलाय. डावं-उजवं कधी चुकतं माझं. वरचं-खालचं बराबर कळतंय.”

एका कानानं अधू माणसाला वरचा मजला कळत होता आणि डॉक्टरांनी उत्तम म्हटलेल्या दोन कानांना कळत नव्हता.

त्यांचे इअरफोन मोबाईलबरोबर आलेले होते, एका बाजूला चिकटपट्टी लावलेली. ते घालून मी त्यांच्या कॉम्प्युटरवर खेळले. आवाज अचूक. मग हेडफोनचाच दोष, असं म्हणून माझा हेडफोन त्यांच्या कॉम्प्युटरला लावला. तरीही अचूक. म्हणजे माझा लॅपटॉप बिघडला असणार. लॅपटॉपला काकांचे इअरफोन लावले. अचूक. शेवटी माझ्या लॅपटॉपला माझा हेडफोन लावला. गडी डोक्यावर, पावलं पाठीमागे.

हेडफोन चांगला, लॅपटॉप चांगला, आणि दोन्ही एकत्र आले की वाईट. मी ते कागदावर लिहिलं. लिहिल्यावर आणखीच वेडेपणाचं दिसायला लागलं.

“काय झालं?” काकांनी विचारलं.

“कळत नाहीये काका. हरले मी.”

“रायफल अडकली की आमी सगळी खोलायचो. एकेक पार्ट लावायचा आन् बघायचं. परत लावा बरं सगळं, सावकाश.”

मी पुन्हा चारही जोड्या लावल्या. ते आवाज ऐकत नव्हते, नुसतं बघत होते. शेवटची जोडी लावल्यावर त्यांनी बोट दाखवलं.

“ह्यो दिवा माझ्या मशीनीवर लाल व्हता. तुमच्यावर निळा कसा?”

हेडफोनच्या कडेला शोभेचा दिवा होता. तो मुळात लालच असतो. मला लाल आवडत नाही, म्हणून हेडफोन कंपनीचं एक ॲप मी घरच्या लॅपटॉपवर टाकलं होतं आणि रंग निळा केला होता. ऑफिसमध्ये स्वतःच्या मनानं काही इन्स्टॉल करता येत नाही. तिथे ते ॲप नव्हतं. काकांच्या कॉम्प्युटरवर तर नव्हतंच. आणि काकांच्या इअरफोनशी त्या ॲपला काही देणंघेणं नव्हतं.

मी ॲप उघडलं. रंगाच्या पानामागे दुसरं पान होतं. त्यात ‘सराउंड’ नावाचं एक बटण, न विचारता चालू केलेलं. साध्या आवाजाला चहूबाजूंनी आल्यासारखं करणं, हे त्याचं काम. निखिलची सिस्टीम नेमकं तेच आधी करत होती. म्हणजे ज्याचा चष्मा आधीच लागलेला आहे, त्याच्या नाकावर कुणीतरी त्याच नंबरचा दुसरा चष्मा चढवावा, तसं झालं होतं. दोन्ही चष्मे बरोबर आणि दिसतं धूसर.

बटण बंद केलं. पावलं डोक्यावर गेली.

मी तिथूनच निखिलला फोन लावायला गेले, तर रेंज नव्हती. काकू म्हणाल्या, “जेवूनच जा आता.” इंद्रायणीचा भात आणि वरण होतं. जेवताना मी काकांना विचारलं, गेममध्ये अजून काय चुकलंय, सगळं सांगा.

त्यांनी पुष्कळ सांगितलं. ओल्या जमिनीवर उडी मारली की आवाजच येत नाही. जिना लोखंडी असो की दगडी, सारखाच वाजतो. मी लिहून घेत होते. मग ते जरा थांबले.

“आन् एक. चार गडी पडले तरी पाचव्याचा हात थरथरत न्हाई. तो पहिल्यासारखाच नेम धरतो.”

“ही उणीव म्हणून लिहू का?”

“तेच कळत न्हाई मला. तसं असतं तर म्या खेळलो असतो का, कुणास ठाऊक.” त्यांनी ताटात पाणी घातलं. “ऱ्हाऊ द्या. ते नका लिहू.”

मी तेव्हा ते लिहिलं नाही. ती उणीव होती की जमेची बाजू, हे मला अजूनही सांगता येणार नाही.

चेलाडी फाट्यावर आल्यावर निखिलला फोन केला. त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, आनंद झाला असेल.

“हे तू रिलीजच्या आधी का नाही पाहिलंस?” तो म्हणाला.

याचं उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मी ऑफिसच्या मशीनवर तपासलं. ऑफिसची मशीनं स्वच्छ असतात. घरी मी खेळतच नव्हते, घरी मी रिपोर्ट लिहीत होते.

रविवारी, तक्रार करणाऱ्यांपैकी जे उत्तर देत होते त्यांना विचारलं. बहुतेकांकडे असलं काहीतरी ॲप होतं. कुणी रंगासाठी टाकलेलं, कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच होतं. बटण बंद केल्यावर त्यांची तक्रार मिटली. काहींची मिटली नाही. ते गेममधल्या ज्या इमारतीत खेळत होते तिथला जिना लोखंडी होता आणि दगडासारखा वाजत होता. ते निखिलचंच चुकलं होतं, आणि तेही मीच पास केलं होतं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये केदार सरांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे आवाज चांगला आहे,” ते म्हणाले.

“हो.”

“आणि लोकांना वाईट ऐकू येतो.”

“काहींना.”

“आणि थोडा खरंच वाईट आहे.”

“जिना आणि ओली जमीन. तेवढाच.”

त्यांनी डोळे चोळले. निखिलची सिस्टीम राहिली. गेम सुरू होताना एक सूचना टाकली, तुमच्या हेडफोनचं सराउंड चालू असेल तर बंद करा. जिना दुरुस्त झाला. निखिल नोकरीत आहे, पण माझ्याशी कामापुरतंच बोलतो. सूचना न वाचता पुढे जाणारे लोक अजूनही आम्हाला बहिरे म्हणतात.

आता मी प्रत्येक गेम आधी घरच्या लॅपटॉपवर तपासते, त्यातलं काहीही न काढता. ऑफिसच्या मशीनवर गेम नीट चालला, याचा अर्थ तो ऑफिसच्या मशीनवर नीट चालतो, इतकाच असतो. हे शिकायला मला नऊ वर्षांची नोकरी पुरली नव्हती.