उजव्या हाताची सूज

चूक माझीच होती. बायकोचा उजवा हात सुजला, तेव्हा मी त्याला गरम तेल चोळलं आणि तिला पुन्हा कामाला बसवलं.

जोहे गावात आमचा गणपतींचा कारखाना आहे. मूर्तींचे डोळे आखायचं काम तिचंच. स्तनाच्या कॅन्सरची केमो चालू होती. औषधासाठी छातीत उजव्या बाजूला, कातडीखाली पोर्ट बसवलं होतं, त्याची नळी आतल्या शिरेत जाते. सूज आली तर लगेच दाखवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण सण तोंडावर आलेला. हात आखून आखून अवघडलाय, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती हसून म्हणाली, "बघा, हात बाप्पासारखा जाडा झालाय." मीही हसलो. रोज सकाळी बाप्पापुढे हात जोडून तिला बरं कर म्हणायचो आणि लगेच तिच्यापुढे रंगाची वाटी ठेवायचो.

तिसऱ्या दिवशी रोह्याच्या एक बाई आल्या. त्यांना मूर्ती घ्यायला शेजारच्या हमरापूरला जायचं होतं, चुकून आमच्याकडे उतरल्या होत्या. मूर्ती बघता बघता हिचं केस गेलेलं डोकं आणि सुजलेला हात दिसला, तशा त्या हिच्यापाशी थांबल्या.

"ताई, पोर्ट हाय का तुम्हाला? कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

"आणि सुजलाय पण उजवाच! मानेवरच्या शिरा बघा कशा फुगल्यात. माझ्या भावाला असंच झालं व्हतं, गाठ धरली व्हती रक्ताची. दादा, आत्ता न्या हिला."

"चारच मूर्ती राहिल्यात. संध्याकाळी जातो."

त्या माझ्यावर कडाडल्या, "गणपती थांबंल वो, ही नाय थांबायची!"

मी रिक्षा बोलावली. पेणला सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गुठळी दिसली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, ती फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं. आणि चोळायचं तर मुळीच नव्हतं. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. आठवड्याभरात सूज उतरू लागली. पोर्टही काढावं लागलं नाही. कित्येक दिवसांनी मला पोटभर जेवण गेलं.

त्या बाई पुन्हा दिसल्या नाहीत. नावही विचारायचं राहिलं. त्यांना कोणी पाठवलं, याचा मी वाद घालत नाही. देवावर भार टाकतो म्हणताना मी तो सगळा हिच्यावरच टाकला होता, एवढं मात्र मला कळलं. त्या वर्षी राहिलेल्या चार मूर्तींसाठी मी गिऱ्हाइकांना नाही म्हणून सांगितलं.

बाप्पाचे आभार मानून झाले, पण हिची माफी मागायची राहिली होती. शेवटी एका दुपारी तिला इंजेक्शन देऊन झाल्यावर तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "हात जाडा झालाय म्हणालीस, तेव्हा मला मूर्तीच दिसल्या. चुकलो गो मी. माफ कर मला."