दंडाचं माप

आमचे मास्तर माणसाचा चेहरा नंतर बघायचे, आधी बाही. ती दंडावर किती सैल पडलीय हे न्याहाळून मगच "बरं हाय का?" विचारायचे. शिवणकामात जन्म गेलेला. पहाटे तलावावर चालायला येतानाही खिशात टेप असायचा.

मैंदर्गीकडचे, घरात कन्नड. साठी उलटलेली, पण पायाची मशीन चालवून पोटऱ्या घट्ट. मी बँकेतला कारकून. रक्तात साखर निघाली म्हणून घाबरून चालायला लागलो होतो. रिकाम्या पोटी, दीड तास, धापा टाकत. तीन महिन्यांत आठ किलो उतरलो, पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले होते. माझे कपडे मास्तरच शिवायचे, जुनं माप त्यांना पाठ होतं. त्यांनी बाकावर बसवून टेप लावला.

"पोट दोन इंच गेलंय, ब्येस. पण दंड बी इंचभर गेला की. त्यो कुणी मागितला हुता?"

मला रागच आला. पण घरचा जिना चढताना माझ्या मांड्या थरथरायच्या, हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मास्तरांना उत्तरं ठाऊक होती असं नाही. त्यांना प्रश्न पडायचे, आणि ते सोडवायला ते मला वापरायचे. "उपाशी चाललं की नुसती चरबीच जळती म्हणत्यात. हे तिला कुणी सांगितलं?" मग एक महिना उपाशी, एक महिना मूठभर भिजवलेले शेंगदाणे खाऊन. पोट दोन्ही वेळा सारखंच उतरलं. दीड तासाचा त्यांनी पाऊण तास केला. जास्त जोरात निघालो की मागून "साकु" ऐकू यायचं, म्हणजे पुरे. उरलेल्या वेळात बैठका आणि कट्ट्यावर हात टेकून जोर. ताटात मटकी, अंडी वाढली. वजनकाटा हलेना म्हणून मी वैतागलो, पण पॅन्ट ढिली होत गेली आणि दंड भरला. जिना मी न थांबता चढू लागलो.

गेल्या वर्षी मास्तरांचं मोठं ऑपरेशन झालं. दोन महिने अंथरुणात. भेटायला गेलो तर बाहीत हात शोधावा लागत होता. सुनेनं धरल्याशिवाय संडासला जाता येत नव्हतं, आणि तेच त्यांना सोसवत नव्हतं. उशाखालचा टेप त्यांनी माझ्या हातात दिला.

"दंड घ्या."

घेतला. "साडेनऊ," मी म्हणालो.

त्यांनी डोळेही उघडले नाहीत. "टेप ढिला धरलाय, साहेब. गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून माप वाढवलं, तर कपडा अंगाला बसंल का?"

मी नीट धरला. साडेआठ.

"आता कळलं कुठनं सुरू करायचं," ते म्हणाले आणि खाटेची कड धरून उठू लागले. मी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. दोनदा उठले, दोनदा बसले. "उद्या तीन," म्हणाले.

महिनाभरानं मास्तर गेले. मी फार रडलो. सून सांगत होती, शेवटच्या आठवड्यात ते संडासला एकटे जात होते, आणि कुणी मागं आलेलं त्यांना खपत नव्हतं.