कोरडं चाक

शर्यतीत मी मोटारसायकल जोरात पळवली की इंजिनाच्या श्वासनळीतून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, तेल उडून मागच्या चाकावर यायचं आणि वळणावर चाक घसरायचं. बुलढाण्याचे आमचे मिस्त्री बहुतेक वाक्यं दोनदा बोलत.

"नळी बंदच करून टाका," मी म्हणालो.

"काऊन? दम कोंडीन तिचा. दम कोंडीन."

त्यांनी जाड नळी टाकीखालून उंच नेली, म्हणजे वाफ बाहेर जाईल आणि तेल परत खाली उतरेल. मग, एरवी सगळीकडे पायीच जाणारे मिस्त्री माझ्यामागे बसले.

"पळव बे, पळव."

घाट चढून-उतरून थांबलो. त्यांनी मागच्या चाकावर तळहात फिरवला. चाक कोरडं होतं.

"आता पडला तं तुह्याच चुकीनं पडशीन," म्हणत ते दगडावर बसले. परत जायला मी गाडी सुरू केली, तर ते पायीच निघाले.